एक लाख पौंड : जाताना आणि येताना

सूतगुंता

मंडळी, कामासाठी तीन आठवडे नागोयात होतो. एका शनिवारी टोयोटाचं उद्योग संग्रहालय बघायला गेलो, अर्थात मोटारी बघायच्या म्हणून. आत शिरलो तर समोर कापूस, चरखे आणि माग. मोटारी पुढच्या दालनात. लाल विटांची ही इमारत मूळची टोयोटा काढणाऱ्या टोयोडा घराण्याच्या कापडगिरणीची. मोटारींच्या आधी या घराण्याचं सगळं आयुष्य मागात गेलेलं.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात (विणकामाच्या खात्यात) होते, त्यामुळे मी तिथेच अडकलो. टोयोडा साकिचींचा 1924 सालचा 'जी टाइप' माग तिथे चालवून दाखवतात. गणवेशातल्या एका मुलीने माग सुरू केला, ओळखीचा खडखडाट झाला आणि तिने कात्रीने ताण्यातला एक धागा कापला. फक्त एक. माग जागच्या जागी थांबला. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटला की ती पडते आणि माग बंद होतो. वडिलांच्या खात्यात हे काम डोळ्यांनी करायचं होतं. नजर चुकली की कापड खराब, आणि खराब कापडाचे पैसे पगारातून.

त्या मागाची माहिती वाचताना एका ओळीवर थबकलो. 1929 साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क घ्यायचा करार केला. ठरलेली रक्कम एक लाख पौंड. प्लॅट म्हणजे त्या काळी सूतयंत्रांच्या धंद्यातला जगातला दादा. मुंबईच्या गिरण्यांनीही त्यांची यंत्रं पिढ्यानपिढ्या घेतली. वडील त्या नावाचा उच्चार 'पलाट' करायचे.

आता गोष्ट मागे नेतो. पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून शिंकानसेनने थेट कागोशिमाला गेलो, कारण प्लॅटचं नाव जपानात पहिल्यांदा आलं ते तिथे.

सप्टेंबर 1862. योकोहामाजवळच्या नामामुगी गावात सात्सुमा संस्थानच्या शिमाझु हिसामित्सुची मिरवणूक चालली होती. रस्त्यात रिचर्डसन नावाचा इंग्रज व्यापारी घोड्यावरून आडवा आला, उतरला नाही, बाजूला झाला नाही. सामुराईंनी त्याला तलवारीने कापला. इंग्लंडने भरपाई मागितली: शोगुनच्या (जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारकडून एक लाख पौंड आणि सात्सुमाकडून पंचवीस हजार. शोगुनने मुकाट पैसे मोजले. सात्सुमाने नाही म्हटलं.

म्हणून ऑगस्ट 1863 मध्ये सात इंग्रज युद्धनौका सात्सुमाच्या राजधानीपुढे, कागोशिमाच्या आखातात शिरल्या. सात्सुमाच्या काही सामुराईंनी कलिंगडं विकायच्या मिषाने होड्या घेऊन जहाजांवर चढायचा बेत केला होता. तो फसला. (या कलिंगडवाल्यांत ओयामा इवाओ आणि कुरोदा कियोताका होते. पुढे एक फील्डमार्शल झाला, दुसरा पंतप्रधान.) इंग्रजांनी सात्सुमाच्या तीन आगबोटी ताब्यात घेतल्यावर किनाऱ्यावरच्या तोफा सुरू झाल्या. वर वादळ. आणि इंग्रजांच्या मुख्य जहाजावरून, युरिअ‍ॅलसवरून, बराच वेळ उत्तरच येईना. का? शोगुनने दिलेल्या भरपाईच्या डॉलरच्या पेट्या दारूगोळ्याच्या कोठाराच्या दारापुढे रचून ठेवल्या होत्या. आधी त्या हलवाव्या लागल्या! त्याच जहाजाचा कप्तान आणि त्याचा दुय्यम अधिकारी एकाच गोळ्यात गेले. इंग्रजांची तेरा माणसं मेली, सात्सुमाची त्याहून कमी. पण शहराचा मोठा भाग जळाला आणि शुसेइकान नावाचा संस्थानी कारखानाही.

या कारखान्याबद्दल दोन शब्द. शिमाझु नारिआकिरा या सरदाराने 1850 च्या दशकात, अमेरिकी नौदलाचा पेरी जपानात आला त्याच्या आगेमागे, तोफा ओतायला परावर्तनी भट्टी (आगीची धग छतावरून परतवून धातू वितळवणारी) बांधायला घेतली. एकही युरोपी माणूस हाताशी नाही, फक्त एक डच पुस्तक. भट्टीच्या विटा तिथल्या कुंभारांनी भाजल्या, पाया किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांनी रचला. पहिली भट्टी कलली, पुढची साधली. आज सेंगानएन बागेत तिचा दगडी चौथरा तेवढा उरलाय. मी त्यावर हात फिरवून आलो. दगड एकमेकांत असे बसवलेत की नख जात नाही.

लढाई झाली आणि सात्सुमाने त्याच वर्षी तह केला. पंचवीस हजार पौंड शोगुनकडूनच उसने घेऊन भरले (ते कधीच परत केले नाहीत, बिलंदरपणा बघा), आणि त्याच बोलणीत इंग्रजांना विचारलं, आम्हाला एक युद्धनौका विकत घेऊन द्याल का? दोन वर्षांनी, 1865 मध्ये, सात्सुमाची एकोणीस माणसं खोटी नावं घेऊन चोरून इंग्लंडला निघाली. परदेशी जाण्याला तेव्हा देहदंड होता. त्यांतला गोदाई तोमोआत्सु हा 1863 च्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडलेला माणूस. तोच आता इंग्लंडात सूतकताईची यंत्रं मागवत होता. कुठल्या कंपनीकडून? ओल्डहॅमच्या प्लॅटकडून.

1867 मध्ये कागोशिमात गिरणी सुरू झाली, 3,648 चात्यांची (चाती म्हणजे सूत कातायची फिरती दांडी), जपानातली पहिली पाश्चात्त्य पद्धतीची सूतगिरणी. सात इंग्रज तंत्रज्ञ आले. त्यांच्यासाठी बांधलेला लाकडी बंगला अजून उभा आहे. ठरलं होतं दोन वर्षं राहायचं, पण यादवी पेटल्यावर वर्षभरातच परतले. गिरणी जपानी माणसांनी पुढे चालवली.

1867 ते 1929 म्हणजे 62 वर्षं. एक लाख पौंड इंग्रजांना गेले ते तोफेच्या धाकाने, आणि एक लाख पौंडांचा करार झाला तो मागाच्या गुणावर. पौंडाची किंमत दोन्ही वेळी सारखी नव्हती हे मलाही कळतं, पण आकडा तोच निघाल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

प्रश्न मला पडलाय तो वेगळाच. मुंबईत पहिली कापडगिरणी 1856 मध्ये चालू झाली, कागोशिमाच्या अकरा वर्षं आधी. यंत्रं तिकडचीच. मग टोयोडा आपल्याकडे का नाही झाला?

कोष्टीवाडा

मस्त धागा (दोन्ही अर्थांनी). इचलकरंजीचा आहे, त्यामुळे मागाबद्दल बोलायचा हक्क समजतो.

ताणा तुटल्यावर माग थांबणं ही अर्धी गोष्ट. जी टाइपची खरी करामत धोट्यात (आडवा धागा मागावर इकडून तिकडे नेतो तो) आहे. साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की विणकर माग थांबवणार, धोटा काढणार, नवी कांडी घालणार, सूत धोट्याच्या डोळ्यातून बाहेर काढणार, मग पुन्हा सुरू. ते सूत काढायला आमच्या आजोबांच्या वेळी डोळ्याला तोंड लावून श्वास आत ओढायचे. एक धोटा, दहा विणकरांची तोंडं. क्षय असा पसरायचा. लँकशायरात (इंग्लंडातल्या कापडगिरण्यांच्या मुलखात) या प्रकाराला 'धोट्याचा मुका' म्हणायचे, म्हणजे तिकडेही तेच. टोयोडाच्या मागात कांडी संपत आली की भरलेला धोटा बाजूने आत येतो, जुना बाहेर ढकलला जातो, आणि मागाचा वेग कमी होत नाही. म्हणून एक बाई तीस-तीस माग सांभाळू शकायची.

आमच्याकडे 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो बाहेरूनच. आज गावात टोयोटाचे आणि त्सुदाकोमाचे एअरजेट आहेत, धोटाच नाही, हवेच्या झोताने बाणा (आडवा धागा) जातो. शेडमध्ये उभं राहिलं की शेजारच्याशी खुणेनंच बोलायचं.

ऊमरावतीकर

कापूस कुठून यायचा हे कुणी लिवलंच नाही भाऊ.

जपानच्या गिरण्यांना आखूड धाग्याचा स्वस्त कापूस लागायचा, तो आमच्या वऱ्हाडातून. जगाच्या बाजारात त्याचं नावच 'ऊमरा', म्हणजे उमरावती, आताची अमरावती. मुंबई-जपान वाहतूक पी अँड ओ या इंग्रज बोट कंपनीच्या आणि तिच्या जोडीदार युरोपी कंपन्यांच्या मुठीत, भाडं टनाला 17 रुपये. 1893 मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावा एइइची या तिथल्या बड्या उद्योजकाशी बोलले आणि निप्पॉन यूसेन या जपानी बोट कंपनीला मुंबईच्या मार्गावर उतरवलं. (त्याच प्रवासात योकोहामाहून पुढच्या बोटीत जमशेटजींना स्वामी विवेकानंद भेटले.) 7 नोव्हेंबर 1893 ला 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईला निघाली. पी अँड ओने भाडं उतरवत उतरवत टनाला दीड रुपयावर आणलं, नव्या बोटी बुडवायला. पण जपानच्या सूतगिरणीवाल्यांनी आपसांत करार केला होता: आपला कापूस आपल्याच बोटीतून. दीड रुपयाला कुणी भुललं नाही. टाटांच्या बाजूला मात्र आपले मुंबईचे व्यापारी स्वस्त भाडं बघून पी अँड ओकडं गेले आणि टाटांची स्वतःची बोटसेवा, टाटा लाईन, बंद पडली.

सूतगुंता भाऊ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

सूतगुंता

@कोष्टीवाडा, धोट्याचं हे तुम्ही लिहिल्यावर वडिलांना फोन केला. म्हणाले, "तोंडाने ओढायचो, मग? हाताने येतंय होय?"

@ऊमरावतीकर, कराराचा मुद्दा पटला. 'हिरोशिमा मारू'चं माहीत होतं, पण भाड्याचे आकडे नव्हते.

वादे_वादे

एवढा विचार कशाला करायचा? साधं आहे. आपल्यावर इंग्रजांचं राज्य, त्यांच्यावर स्वतःचं. 1896 मध्ये भारतीय गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी लावली, लँकशायर ओरडतंय म्हणून. ती हटायला 1926 उजाडलं. जपानला असं कोण लुटत होतं?

सूतगुंता

अबकारीचं खरंच आहे, ती निव्वळ दांडगाई होती. पण जपानचे हातही मोकळे नव्हते. 1866 च्या करारानुसार आयातीवर जेमतेम पाच टक्के जकात, आणि ती वाढवायचा अधिकार नाही. आयातीवर हवी तशी जकात लावायचं पूर्ण स्वातंत्र्य मिळालं 1911 मध्ये. तोवर ओसाकाच्या गिरण्या लँकशायरच्या आणि मुंबईच्या सुतापुढे भिंतीशिवाय उभ्या होत्या. 1890 मध्ये त्यांचं सूत आयातीपेक्षा जास्त झालं, 1897 मध्ये निर्यात आयातीच्या पुढे गेली. मुंबईचं सूत जपानच्या बाजारातून उठलं, मग चीनच्या बाजारातूनही.

सरकारने केलं ते उलट्या बाजूने: 1894 मध्ये सुताच्या निर्यातीवरचा कर काढला, 1896 मध्ये कच्च्या कापसाच्या आयातीवरचा. स्वतःचं सरकार असण्याचा फायदा तो हाच, हे कबूल.

त्रिज्या

मुंबईच्या गिरणीमालकांना सगळा दोष इंग्रजांवर टाकायची सवय फार, म्हणून थोडं कडू लिहिते.

मॅनेजिंग एजंटांचं (मालकांच्या वतीने गिरणी चालवणाऱ्या पेढ्यांचं) कमिशन सुरुवातीच्या काळात उत्पादनावर होतं, दर पौंड सुतामागे पाव आणा. नफा होवो न होवो, सूत जितकं जास्त तितकं कमिशन. यंत्र सुधारण्यात कोणाला रस असणार? रिंग चात्यांचं (सूत अखंड कातणाऱ्या नव्या चात्यांचं) उदाहरण घ्या. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजींनी त्या 1880 च्या दशकातच आजमावल्या, जपानच्या आधी. पण मुंबईच्या बऱ्याच गिरण्या जुन्या म्यूल यंत्रांवरच बसून राहिल्या आणि जपान एका दशकात जवळजवळ पूर्ण रिंगवर गेला.

दुसरं उदाहरण यामानोबे ताकेओचं. लंडनला शिकत होता. शिबुसावाने सांगितल्यावर पुस्तकं मिटली आणि ब्लॅकबर्नच्या गिरणीत मालकाला पैसे देऊन उमेदवारी केली, झाडण्यापासून. परत येऊन 1883 मध्ये ओसाका सूतगिरणी चालू केली, 10,500 चात्या, यंत्रं अर्थात प्लॅटची. त्याआधी सरकारने दोन-दोन हजार चात्यांच्या गिरण्या नद्यांच्या काठी काढून हात पोळून घेतले होते. ओसाकाने वाफ घेतली, आकार पाचपट केला आणि यंत्रं रात्रीही चालवली.

आपल्याकडे यंत्राजवळ जायचं ते जॉबरने (कामगारांच्या मुकादमाने). शेटजींचा मुलगा खात्यात कपडे मळवून घेईल? टोयोडा साकिची सुताराचा मुलगा होता हो. आईला हातमागावर राबताना बघून त्याने पहिला लाकडी माग केला, 1891 चं पेटंट.

वादे_वादे

त्रिज्याताई, व्हीजेटीआय 1887 चं आहे. शिकलेली माणसं होती. यंत्र बनवायला लोखंड-पोलादाचे कारखाने लागतात, ते कुठे होते? जपानने यावाता पोलाद कारखाना 1901 मध्ये काढला तो चीनकडून लुटलेल्या युद्धखंडणीतून. वीस कोटी तैल (चिनी चांदीचं चलन). आपण कोणाला लुटायचं होतं?

त्रिज्या

हा मुद्दा मात्र बिनतोड. मागे घेते (थोडं).

शांघाय_मेल

वादे_वादे यांनी दार उघडलंच आहे तर आत येतो. धाग्यात जपानचं कौतुक चाललंय, चालू दे, पण या सुताला रक्तही लागलेलं आहे.

पेरीने तोफा दाखवून 1854 मध्ये करार करून घेतला. बावीस वर्षांनी, 1876 मध्ये, जपानने कोरियाकडून गांघवाचा करार करून घेतला, आधी युद्धनौका पाठवून. तंतोतंत तोच धडा, फक्त शिष्य मास्तर झाला. शांघायमध्ये जपान्यांनी कापडगिरण्या काढल्या. मे 1925 मध्ये तिथल्या एका जपानी गिरणीत गु झेंगहोंग नावाचा कामगार गोळीने मारला गेला आणि त्यातून 30 मेचं आंदोलन पेटलं.

आणि घरच्या मुली? खेड्यातल्या बापाच्या हातावर उचल ठेवून मुलगी वसतिगृहात. फाटक बंद, दोन पाळ्या, एकाच गादीवर दिवसपाळीची उठली की रातपाळीची झोपायची. बायकांची रातपाळी कायद्याने बंद झाली 1929 मध्ये. सूतगुंता साहेब, साल बघा. प्लॅटशी करार झाला तेच.

सूतगुंता

साल माझ्या नजरेतून सुटलं होतं. आणि ते नुसता योगायोग नसावं. रातपाळी बंद झाली म्हणजे तेवढंच कापड कमी तासांत काढायचं, मग स्वयंचलित माग हवाच. संग्रहालयात मागाशेजारी वसतिगृहाचा एखादा फोटो होता का, आठवून बघतोय. मला दिसला नाही एवढं खरं.

गिरणगाव_बदली

1929 वरून आठवलं. मुंबईत 1928 चा सहा महिन्यांचा संप कशावर झाला? दोनाऐवजी तीन माग सांभाळा, यावर. मालक जपानकडे बोट दाखवायचे, तिकडे बघा एक मुलगी किती माग सांभाळते. मागच्या पिढीतले कामगार पुढारी सांगायचे, "तिचा माग द्या, मग आम्ही पण सांभाळतो." जुन्या तुटक्या मागावर, हलक्या कापसाच्या सुतावर, जिथे धागा मिनिटामिनिटाला तुटतो, तिथे तिसरा माग म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

घाटावरचा_भट

अवांतर : 1905 च्या त्सुशिमाच्या रशियावरच्या विजयानंतर आपल्याकडे 'केसरी'पासून सगळ्यांना जपानचं वेड लागलं होतं. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात शिकवायला ईश्वरदास वार्ष्णेय आले तेही जपानात काच शिकून आलेले. आणि त्सुशिमाचा अ‍ॅडमिरल तोगो 1863 ला कागोशिमाच्या तोफांवर पोरसवदा वयात हजर होता. त्याची युद्धनौका 'मिकासा' कुठे बांधली? इंग्लंडात, बॅरोला, व्हिकर्सकडे.

नवखा_माळकरी

छान माहिती. एक शंका. त्या एक लाख पौंडांतूनच टोयोटा मोटार सुरू झाली असं सगळीकडे वाचलंय, खरं का?

सूतगुंता

गोष्ट म्हणून गोड आहे. साकिची 1930 मध्ये वारले, मुलगा किइचिरो यानेच इंग्लंडला जाऊन करार केला, इथवर ठीक. पण मोटारीचा कारखाना तेवढ्या पैशावर उभा राहत नाही. 1933 मध्ये माग बनवणाऱ्या कंपनीत मोटार विभाग निघाला आणि त्याची गंगाजळी मुख्यतः मागांच्या विक्रीतली. 1937 मध्ये वेगळी मोटार कंपनी झाली. युद्धात त्यांनी मुख्यतः लष्करी ट्रक काढले. सूतगिरण्यांचे हाल याहून वाईट: युद्धाआधी देशात एक कोटीहून जास्त चात्या होत्या, युद्ध संपताना वीस-बावीस लाखांच्या आसपास उरल्या. बाकीच्या बऱ्याच भंगारात, लोखंडासाठी.

आणि प्लॅटने घेतलेल्या हक्कांचं काय झालं? लँकशायरने ते माग फारसे बसवलेच नाहीत. गंमत म्हणजे करारात जपान, चीन आणि अमेरिका सोडून बाकी जगाचे हक्क प्लॅटकडे गेले. म्हणजे हिंदुस्थानात टोयोडाचा माग विकायचा हक्क ओल्डहॅमकडे.

ऊमरावतीकर

आणि आमचा कापूस? तेही सांगतो. 1933 मध्ये सरकारने जपानी कापडावर 75 टक्के जकात लावली, लँकशायर आणि मुंबई दोघांच्या सोयीची. जपानच्या गिरण्यांनी सांगितलं, मग तुमचा कापूसच घेत नाही. मंदीचे दिवस, भाव आधीच पडलेले, त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उठून गेलं. 1934 च्या जानेवारीत तह झाला: तुम्ही 15 लाख गाठी कापूस घ्या, आम्ही 40 कोटी वार कापड घेतो. माझे पणजोबा म्हणायचे म्हणे, "कापड त्यांचं, गिरणी यांची, कापूस तेवढा आपला." जिनिंगच्या आवारात जपानी कंपनीचे दलाल यायचे, कापसाचा पुंजका बोटांनी ताणून धाग्याची लांबी बघायचे. पणजोबा ती नक्कल करून दाखवायचे म्हणे: दोन्ही अंगठे एकमेकांना टेकवून, हळूहळू बाजूला.

कोष्टीवाडा

ती बोटं मी अजून रोज करतो. सूत घेताना.

सूतगुंता

वडील सध्या कोकणात आहेत. त्या मुलीने धागा कापल्याचा व्हिडिओ पाठवला होता. तीन वेळा बघितला म्हणाले. मग विचारलं, "तुटलेला धागा परत जोडायला कोण आलं? ते नाही दाखवलंस." खरंच, मी तिथे कॅमेरा बंद केला होता. जोडला त्या मुलीनेच, वाकून, बोटांनी, विणकराच्या गाठीने.